शनिवारची रात्र, रविवारची सकाळ

वाचकाचा प्रश्न

मूळचे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील आणि आता पुण्यात स्थायिक असलेल्या एका ३७ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातील आशय येथे देत आहे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ते आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपासनेच्या गीतांना साथ करतात. आधी पेटीवर करत, आता कीबोर्डवर करतात. गायकवृंदाची गुरुवारची तालीमही तेच घेतात. पोटासाठी ते ऑर्केस्ट्रात गातात आणि वाजवतात, बोलावणे आले की स्टुडिओत जातात आणि घरी चौदा मुलांना कीबोर्ड शिकवतात. मंडळीकडून दरमहा २,००० रुपये ‘प्रवासखर्च’ म्हणून मिळतात. विवाह आणि दफनविधी यांच्या वेळी वाजवण्याचे वेगळे काही मिळत नाही आणि मागायची त्यांना लाज वाटते. ऑर्केस्ट्रात ते दुसऱ्याच नावाने उभे राहतात, कारण मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना हे काम रुचत नाही, त्यातही गणेशोत्सवातील कार्यक्रम तर मुळीच नाहीत. गेले काही महिने रविवारी सकाळी त्यांचा आवाज बसलेला असतो. अशात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने त्यांना संगीतशिक्षकाची जागा देऊ केली आहे. पगार २६,००० रुपये, शनिवार अर्धा दिवस आणि स्नेहसंमेलन नेमके डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मेहुणे म्हणतात, ‘सगळे थोडे थोडे येणाऱ्याला शेवटी कोणीच आपला म्हणत नाही.’ पत्नी म्हणते, ‘नोकरी घ्या, पण रविवार सोडू नका.’ ते स्वतः विचारतात : ‘मी गायक व्हावे, वादक व्हावे की शिक्षक? आणि देवाच्या कामाचे पैसे मागणे योग्य आहे का?’

उत्तर

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, मेहुण्यांविषयीच्या तक्रारीच्या मधोमध, तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेला आहात : ‘छापील पट्टी म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही असे पहिल्या कडव्यात दिसले, की दुसऱ्या कडव्याआधी मी हळूच एक स्वर उतरवतो, कोणाला कळतही नाही.’ त्यापुढे लगेच तुम्ही पुन्हा पैशांच्या विषयाकडे वळता, जणू हे वाक्य सांगण्यासारखे नव्हतेच. मला मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात दिसते, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

गायक, वादक की शिक्षक, असा तुमचा प्रश्न आहे. त्यामागचे गृहीतक असे, की ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि तुम्ही तिन्हींत अर्धवट राहिलात. पण तुमच्या आठवड्याकडे जरा दुरून पाहा. ऑर्केस्ट्रात नवखी गायिका घाबरून वरच्या पट्टीत सुरू करते, तेव्हा तिला सांभाळून घेता तुम्ही. स्टुडिओत गायकाला धून पाठ नसते, तेव्हा काचेआडून एकेक ओळ गाऊन दाखवता तुम्ही. घरी येणाऱ्या मुलीचा डावा हात अडखळतो, तेव्हा तिच्या शेजारी बसून खालचे स्वर धरून ठेवता तुम्ही. आणि रविवारी, ज्यांतील बहुतेकांना स्वरज्ञान नाही अशा माणसांनी भरलेले उपासनामंदिर एका सुरात गाऊ लागते, तेव्हा तो सूर त्यांच्या गळ्याला बसेल असा निवडलेला असतो तो तुम्हीच. दुसऱ्याला गाता यावे म्हणून गाणे आणि वाजवणे, हे एकच कसब आहे. आपल्या भाषेत त्याला जुना आणि नेमका शब्द आहे : साथसंगत. तुम्ही तीन व्यवसायांत विखुरलेले नाही. तुमचा व्यवसाय एकच आहे आणि तुम्ही तो चार ठिकाणी करता.

हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. ज्या कामाला नाव नसते त्याचा दर ठरत नाही, त्याची रजा ठरत नाही आणि त्याचा वारसही तयार होत नाही. साथीदाराची उपेक्षा करण्याची सवय आपल्या समाजाला जुनीच आहे. मैफलीच्या पत्रिकेत त्याचे नाव बारीक अक्षरात छापले जाते आणि पुष्कळदा तो स्वतःही आपल्याकडे त्याच बारीक अक्षरातून पाहू लागतो.

मेहुण्यांचे म्हणणे मात्र मी अगदी झटकून टाकणार नाही. त्यांना तुमची काळजी आहे आणि तिला आधारही आहे. पण बहुपेडीपणा म्हणजे कच्चेपणा, हे समीकरण मराठी संगीताचा इतिहास मान्य करणार नाही. गोविंदराव टेंबे यांचेच पाहा. पेटीवादक म्हणून त्यांचे नाव झाले आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या गायकांना त्यांनी साथ केली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या होत्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांनी दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. शिवाय ते लेखक होते. या प्रत्येक कामाच्या मुळाशी साथीला बसून तयार झालेला कान होता, असे मला वाटते. दुसरा कोठे श्वास घेणार आहे हे ज्याला आधी कळते, त्याला शब्दावर चाल बसवणेही कळते. मेहुण्यांचा मुद्दा खरा ठरतो तो वेगळ्या अर्थाने : टेंब्यांच्या प्रत्येक कामावर त्यांचे नाव होते. तुमच्या एका कामावर दुसरेच नाव आहे, एका कामावर ‘प्रवासखर्च’ असा शिक्का आहे आणि उरलेल्या दोन कामांची कोठे नोंदच नाही.

आता पैशांचा प्रश्न. तुम्ही विचारता, ‘देवाच्या कामाचे पैसे मागणे योग्य आहे का?’ त्यापेक्षा मी असे विचारीन : तुम्ही आज जे देत आहात ते तुम्ही स्वतः होऊन दिलेले आहे, की तुमच्याकडून आपोआप घेतले जात आहे? दान देणाऱ्याला आपण किती देतो हे ठाऊक असते. तुम्हाला ते ठाऊक नाही. तुमच्याच पत्रावरून हिशेब केला, तर येण्याजाण्यासह रविवारचे चार तास आणि तालमीचे दोन, म्हणजे महिन्याला सुमारे २६ तास होतात. विवाह, दफनविधी आणि सणांची जादा तयारी त्याहून निराळी. २,००० रुपयांना २६ ने भागले, तर तासाला ७७ रुपये पडतात. ही रक्कम कमी की जास्त हे मी ठरवणार नाही. हे गणित तेवीस वर्षांत ना तुम्ही मांडले, ना मंडळीने, एवढेच मला खटकते.

या संकोचात तुम्ही एकटे नाही. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे नाव चर्चसंगीतात आदराने घेतले जाते. १७२३ पासून ते लाइपझिग येथे संगीतप्रमुख होते आणि १७३० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी बालमित्राला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात अध्यात्म कमी आणि घरखर्च अधिक आहे. आपले उत्पन्न ७०० थालरच्या (थालर हे तेथील चांदीचे नाणे) आसपास असून त्यातील बराच भाग विवाह आणि अंत्यविधी यांच्या वरकमाईतून येतो, असे ते सांगतात. गावात मृत्यू जास्त झाले की कमाई वाढते आणि हवा निरोगी असली की घटते, गेल्या वर्षी हवा चांगली असल्यामुळे अंत्यविधींच्या मिळकतीत शंभराहून अधिक थालरची खोट आली, अशी त्यांची तक्रार आहे. हे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले, आणि मग हसल्याची थोडी लाजही वाटली. घरात मुलेबाळे असलेला माणूस आणखी काय लिहिणार? त्या तक्रारीमुळे त्यांच्या संगीतातील भक्ती कोणाला कमी वाटलेली नाही.

मागायचे कसे, याचा तपशील आता सांगते, कारण खरी अडचण तेथेच असते. पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, उपासना संपल्यावर, चहाच्या गर्दीत गाठू नका. वेळ मागून घ्या आणि सोबत एका पानाचे टिपण न्या. त्यावर सुरुवातीला तुम्ही वर्षभरात काय करता ते लिहा : किती उपासना, किती तालमी, किती विवाह, किती दफनविधी, नाताळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांची किती तयारी. ‘मला पैसे कमी पडतात’ हे वाक्य त्यात कोठेही नको. त्याऐवजी असे म्हणा : ‘मंडळीला संगीताची ही सेवा पुढेही लागणार आहे. आज ती माझ्या एकट्याच्या अंगावर आहे. तिला अंदाजपत्रकात एक ओळ मिळावी, म्हणजे उद्या मी नसलो तरी ती ओळ राहील.’ मागणी तुमच्यासाठी असण्यापेक्षा पदासाठी असली, की कमिटीतील माणसांनाही ती मांडणे सोपे जाते, आणि ती अधिक खरीही असते. परदेशात हे सारे लेखी असते. अमेरिकेतील ऑर्गनवादकांची संघटना १८९६ पासून आहे आणि मंडळी व वादक यांच्यातील कराराचे नमुने ती उपलब्ध करून देते. आपल्याकडील छोट्या मंडळीला त्या रकमा परवडणार नाहीत, पण लेखी पान ठेवायला काहीच खर्च येत नाही.

त्या पानावर माझ्या मते पुढील गोष्टी असाव्यात. मानधनाला ‘मानधन’च म्हणावे. विवाहासाठी साथ हवी असेल, तर ठरलेली रक्कम कुटुंबाने मंडळीच्या कार्यालयात भरावी, म्हणजे तुम्हाला वधूपित्यासमोर हात पसरावा लागणार नाही. दफनविधीसाठी मात्र कुटुंबाकडून काहीही घेऊ नये. तो खर्च मंडळीने आपल्या निधीतून करावा किंवा ती तुमची सेवा राहू द्यावी, पण तसे स्पष्ट लिहिलेले असावे. कीबोर्ड कोणाचा, बिघडल्यास दुरुस्ती कोणाची, हेही लिहून ठेवावे. हे सारे ठरल्यावर तुम्हाला मानधनातील निम्मी रक्कम दानपेटीत टाकावीशी वाटली, तर अवश्य टाका. ते दान तुमचे असेल.

कमिटीने ‘जमणार नाही’ म्हटले तर? ते शक्य आहे. मग रक्कम सोडा आणि रजा मागा. वर्षातून सहा रविवार. तुमच्या पत्रावरून मला तर मानधनापेक्षा याचीच गरज अधिक वाटते, कारण तेवीस वर्षांत तुम्ही आजारपण सोडून एकही रविवार चुकवलेला नाही असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते थोड्या अभिमानाने लिहिले आहे. या अभिमानाला मला हळूच धक्का द्यायचा आहे. तुमच्या मंडळीत तुमच्याशिवाय कोणालाच वाजवता येत नाही, ही गोष्ट तुमच्या निष्ठेची खूण आहेच, पण तेवीस वर्षांत तुमच्या हाताखाली एकही जण तयार झाला नाही, असाही तिचा अर्थ होतो. बाख विशीत असताना आर्नश्टाट येथे वाजवत. १७०५ मध्ये त्यांनी चार आठवड्यांची रजा घेतली आणि एका थोर ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी सुमारे ४०० किलोमीटर चालत ल्यूबेक गाठले. परतले ते जवळजवळ चार महिन्यांनी. वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा त्यांचे उत्तर होते की आपण बदली माणूस ठेवून गेलो होतो. चार महिने दडी मारा, असे मी सुचवत नाही. बदली माणूस ठेवा, एवढेच म्हणते. तुमच्या चौदा विद्यार्थ्यांपैकी दोघे जण मंडळीतलेच आहेत, असे तुम्ही सांगता. त्यांतील एकाला महिन्यातून एकदा दानार्पणाचे गीत वाजवायला द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. सहा महिन्यांत तो एक पूर्ण उपासना निभावेल.

दुसऱ्या नावाच्या गोष्टीने मी थोडी अस्वस्थ झाले. अमेरिकेत सॅम कुक नावाचा भक्तिगीतांचा अत्यंत लोकप्रिय गायक होता. १९५६-५७ च्या सुमारास त्याला लौकिक गाणी गायची होती, पण चर्चचा श्रोता दुखावेल या भीतीने त्याने पहिली तबकडी ‘डेल कुक’ या नावाने काढली. आवाज ऐकताच लोकांनी त्याला ओळखले. आवाजाला टोपणनाव ठेवता येत नाही. पुण्यासारख्या शहरात, जेथे प्रत्येक कार्यक्रमाची चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर असते, तेथे तुमच्या मंडळीतील निम्म्या लोकांना हे आधीच माहीत असणार. त्यांना ऑर्केस्ट्रा खुपतो की लपवणे खुपते, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

मी वडीलधाऱ्यांची बाजूही समजू शकते. उपासनेत पुढे बसणारा माणूस त्यांच्या दृष्टीने केवळ वादक नसतो. त्याच्या वागण्याकडे साक्ष म्हणून पाहिले जाते. तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्याआधी तुम्ही स्वतःची रेघ ठरवा. वाजवणे आणि स्वतः गाणे यांत तुम्ही फरक करता का? दुसऱ्या धर्माच्या उत्सवात चित्रपटगीते वाजवणे आणि आरती गाणे यांत करता का? याचे उत्तर प्रत्येक श्रद्धावान माणसाचे वेगळे असेल आणि तुमचे उत्तर मी देणार नाही. पण ते तुमच्याकडे तयार असले, म्हणजे ‘मी हे करतो, हे करत नाही, आणि दोन्ही माझ्याच नावाने’ असे तुम्हाला शांतपणे सांगता येईल. मराठी ख्रिस्ती गायनाची परंपरा यात तुमच्याच बाजूने बोलते. तुमची मंडळी आज जी गीते गाते, त्यांचा मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आहे आणि त्या गीतांची ठेवण अभंगाची, ओवीची, भजनाची आहे. एकोणिसाव्या शतकात नगरमधील ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा प्रकारच आपलासा केला. जे सूर मंदिराबाहेरचे होते ते कोणीतरी आत आणले, म्हणून आज ते तुम्हाला आतले वाटतात. गोव्याकडे पाहिले तर तेथील चर्चच्या शाळांमधून ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तेथे घडलेले किती तरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच होते. ते चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र, आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्या पिढीतील पुष्कळांना रात्रीचे काम आणि सकाळची प्रार्थना ही एकाच हाताची कामे वाटत असावीत.

आता शाळा. माझे मत स्पष्ट आहे : घ्या, पण आधी चार गोष्टी विचारून घ्या. तुमचे स्वतःचे तास किती आणि गैरहजर शिक्षकांचे तास भरून काढायला किती, हे पहिले विचारा, कारण काही शाळांत संगीतशिक्षक म्हणजे रिकामा हात समजला जातो. बाहेर शिकवणी घ्यायला परवानगी आहे का, हे दुसरे. बऱ्याच ठिकाणी नसते आणि तुमचे चौदा विद्यार्थी एका सहीने जातील. भविष्य निर्वाह निधी आणि कायम होण्याची मुदत, हे तिसरे. चौथी गोष्ट डिसेंबरची. स्नेहसंमेलन आणि कॅरलसाठी, म्हणजे नाताळची गीते गात, घरोघर फिरणे एकाच आठवड्यात येणार, हे टळणार नाही. पण संमेलनाची गाणी दिवाळीपूर्वी बसवून झालेली असली, तर त्या आठवड्यात तुम्हाला मुलांना रंगमंचावर उभे करणेच उरते. ही योजना मुलाखतीतच मांडा. मुख्याध्यापकांना तयारीचा माणूस हवा असतो. शाळेतील साठ मुलांचा वर्ग एका सुरात आणणे हे तुमच्या रविवारच्या कामापेक्षा वेगळे नाही, आणि तुम्ही ते अनेकांपेक्षा चांगले कराल, असे मला वाटते.

एक अडचण आहे ती कागदाची. तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि पुढे पगारवाढीच्या वेळी त्यावर बोट ठेवले जाईल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत आहेत. त्या रीतसर द्यायच्या तर वर्षे लागतील. कीबोर्डसाठी लंडनच्या ट्रिनिटी आणि पियानोसाठी एबीआरएसएम या संस्थांच्या परीक्षा भारतात देता येतात आणि दोन्हींत आठ श्रेणी आहेत. खालच्या श्रेणी वगळून थेट वरची परीक्षा देण्याची मुभा असते. मात्र एबीआरएसएमच्या सहाव्या श्रेणीपासून पुढे जायचे, तर संगीतसिद्धांताची पाचवी श्रेणी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. तुमचा हात तयार आहे, डोळा नाही. ऐकून वाजवणाऱ्यांना पाच रेघांवरचे वाचन सुरुवातीला अपमानास्पद वाटते, कारण आपण शिकवतो त्या दहा वर्षांच्या मुलीला ते आपल्याआधी जमते. हा अपमान वर्षभर गिळा. मंडळीच्या जुन्या इंग्रजी स्तोत्रपुस्तकातील चार आवाजांच्या चाली रोज एक याप्रमाणे, अगदी संथ लयीत, वाचून वाजवा. याहून चांगले आणि फुकटचे क्रमिक पुस्तक मला माहीत नाही.

नोकरी घेतल्यावर ऑर्केस्ट्रा पूर्ण सोडू नका, पण महिन्यातले दोनच शनिवार ठेवा. येथे तुमच्या आवाजाचा विषय येतो. शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत ढोल आणि ध्वनिवर्धक यांच्यावर आवाज चढवून गायचे, चार तास झोपायचे आणि सकाळी आठला पुन्हा गायचे, हे विशीत निभते, सदतिशीत निभत नाही. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर काढे आणि ज्येष्ठमध यांवर न विसंबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तुमचे ‘काही महिने’ झालेले आहेत, तेव्हा हे या पंधरवड्यातच करा. तोवर रविवारी गाऊ नका, फक्त वाजवा. गायकवृंदाला सूर गाऊन दाखवण्याऐवजी कीबोर्डवर दाखवा. बसलेल्या आवाजाने कुजबुजू नका, त्यानेही गळ्यावर ताण येतो.

उत्पन्नाविषयी थोडक्यात. तुमचे उत्पन्न ऋतूंप्रमाणे येते. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई भरतीची, पावसाळ्याचे पहिले महिने ओहोटीचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तुमच्या मंडळीत विवाह जवळजवळ होतच नाहीत. तेव्हा भरतीच्या महिन्यांत जे येते त्यातील ठरावीक हिस्सा त्याच दिवशी बाजूला पडला पाहिजे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात आणि मुदत १५ वर्षांची असते. म्हणजे आज खाते उघडले तर तुम्ही बावन्न-त्रेपन्न वर्षांचे असताना ते पूर्ण होईल. रक्कम दरवेळी सारखीच असावी लागत नाही, त्यामुळे वादकाच्या उत्पन्नाला ते सोयीचे पडते. आरोग्यविमा नोकरी लागेपर्यंत थांबवू नका.

आणखी एक कल्पना, जी तुम्ही विचारलेली नाही. किती तरी लहान मराठी मंडळींना वादकच नसतो. गावातील मंडळीत पाळकच सूर धरतात आणि तो निम्म्यांना चढा जातो. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील गीतांची नुसती साथ, साध्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत, प्रत्येक कडव्याआधी पुरेसा श्वास सोडून, कोणी नीट ध्वनिमुद्रित केली तर ती त्यांना उपयोगी पडेल, आणि परदेशात घरांतून जमणाऱ्या मराठी कुटुंबांनाही. सफाईदार ध्वनिमुद्रण करणारे पुष्कळ आहेत. सामान्य माणसाचा श्वास कोठे संपतो हे माहीत असणारे थोडे आहेत, आणि ते तुम्हाला तेवीस वर्षांच्या रविवारांनी शिकवले आहे. कायद्याची बाजूही पाहून ठेवा. धार्मिक विधीत गीत गाण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, पण ध्वनिमुद्रण विकणे किंवा इंटरनेटवर चढवणे त्या सुटीत बसेलच असे नाही. भारतात गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो. टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या शब्दांची अडचण नाही. मात्र अलीकडच्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल वापरायची असेल तर त्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. सुरुवात दहा गीतांपासून करा. आणि त्यावर नाव स्वतःचे घाला.

या सगळ्यात क्रम काय ठेवावा, असे तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. आधी डॉक्टर. मग शाळेला चार प्रश्न. मग महिनाभर तासांची वही, आणि ती वही समोर ठेवून मंडळीचे टिपण. हे टिपण मंडळीचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्याआधी पाळकसाहेबांच्या हातात पडायला हवे, नाही तर आणखी एक वर्ष ‘प्रवासखर्चा’त जाईल. पहिल्या रजेच्या रविवारी गावाला जाऊ नका. मंदिरातच जा आणि पत्नीच्या शेजारी बाकावर बसा. कीबोर्डवर तुमचा विद्यार्थी असेल आणि बहुधा तो पट्टी चढीच धरेल. तुमचे हात शिवशिवतील, ते पुस्तकावर घट्ट ठेवा. दुसऱ्या कडव्याआधी तो मान वळवून तुमच्याकडे पाहील, तेव्हा बोटाने फक्त खाली, असे दाखवा.